मंगल, तो मोतीबिंदूचा ड्रॉप घरीच ठेवून ये

लालबाग
शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५

प्रिय मंगल,

माझ्या मांजरीचा, चिंगीचा डोळा आलाय. डावा. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, दाखव डॉक्टरला, होईल बरा. पण ‘डावा’ म्हटल्यावर माझ्या पोटात काय झालं असेल ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

गौरींपासून तुला फोन नाही, तू केलास तर मी उचलला नाही. रागावली असशील. माझी तब्येत बरी आहे, गुडघा तसाच, बी.पी. गोळीवर. पुढचं वाच आणि उद्या ये. बंटीच्या हाती पत्र पाठवतेय, कारण फोनवर हे सगळं नीट सांगता येणार नाही आणि तू मधेच ‘हो गं, कळलं’ म्हणून कापशील.

रविवारी मी नागपूरला निघतेय, रश्मीची तारीख २५ आहे. तू म्हणाली होतीस चिंगीला डोंबिवलीला पाठव. नाही पाठवत. टोपलीत घालून लोकल, मग नवं घर, त्यात तुझे दोन बोके. तिच्या डोळ्याला आत्ता यातलं काहीही नको. म्हणून तूच इकडे ये. माझी खोली, माझी उशी, तिचा तोच कोपरा. नाना आणि बोके दोन आठवडे एकमेकांना सांभाळतील.

हा हर्पिसचा विषाणू आहे, मांजरांचा वेगळा. माणसाला लागत नाही, आणि माणसाचा तिला लागत नाही, तेव्हा नानांची काळजी नको. पिल्लू असताना सर्दी झाली होती ना तिला, बाबल्याने गटाराजवळून उचलून आणलं तेव्हा? तेव्हाच शिरला असणार. एकदा शिरला की जन्मभर चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत दडून बसतो, आणि मांजराला ताण आला की बाहेर येतो. मात्र लगेच नाही, चार ते अकरा दिवसांनी. म्हणून कारण आपल्या लक्षातच येत नाही. दहा दिवस खिडकीखाली ढोल-ताशे, ६ तारखेला विसर्जन, आणि १४ला सकाळी डोळ्यातून पाणी. आठवा दिवस. बाबल्याला सांग, त्याच्या ताशाची वर्गणी चिंगीने भरली.

आता हाच हिशोब पुढे मांड. मी २१ला निघाले की तिला माझ्या जाण्याचा ताण. म्हणजे २५पासून दसऱ्यापर्यंत तिच्याकडे जास्त लक्ष हवं. वर घटस्थापनेपासून समोरच्या मैदानात गरबा. आतल्या खोलीची खिडकी बंद, पंखा चालू, लोखंडी कपाटाच्या वरचं खोकं तिचं आहे, ते हलवू नकोस. ती तिथे गेली की ओढून काढायचं नाही. फक्त औषधाच्या वेळी.

पहिल्या दिवशी नुसतं पाणी होतं. दुसऱ्या दिवशी पिवळसर चिकट, आणि डोळा अर्धा मिटलेला. हा मिटण्याचा भाग तू नीट बघ, रंगापेक्षा तो महत्त्वाचा. मांजराच्या डोळ्याच्या कोपऱ्यात सकाळी तपकिरी, वाळलेला कण असतो, तो रोजचाच, पुसला की झालं. तपकिरी दिसलं म्हणून रक्त समजून घाबरायचं नाही, अश्रू वाळले की तसेच दिसतात. पण डोळा मिचकावते, उजेडापासून तोंड फिरवते, पंजाने चोळते, नाकाकडच्या कोपऱ्यातून तिसरी पापणी पांढऱ्या पडद्यासारखी वर आलेली दिसते, म्हणजे दुखतंय. पिवळा-हिरवा चिकटा म्हणजे वर जिवाणूंनीही हात मारला.

डॉक्टरांनी मंगळवारी नारिंगी कागदाची पट्टी ओली करून डोळ्याला टेकवली आणि निळा उजेड टाकला. बुबुळावरची वरची साल जिथे गेली असेल तिथे तो रंग हिरवा चमकतो. झाडाच्या फांदीसारखी बारीक रेघ चमकली. फांदीसारखी म्हणजे हर्पिसच. हे करायला पाच मिनिटंही लागली नाहीत, मंगल. २०११मध्ये तुझ्या सोनी मांजरीच्या डाव्या डोळ्याला ही पट्टी कुणी लावली नाही, आणि मी आईच्या मोतीबिंदूचा उरलेला ड्रॉप फ्रिजमधून काढून तुझ्या हातात दिला.

आपण त्यावर कधी बोललो नाही. तू नंतर सात महिने अबोला धरलास तो गौरीच्या साडीवरून, असं सगळ्यांना वाटलं, मलाही वाटू दिलंस. साडीवरून नव्हता ना? तो ड्रॉप मीच दिला होता, हे मला तुला एकदा लिहून द्यायचं होतं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माणसाला जे थेंब देतात त्यात बहुधा अँटिबायोटिकच्या जोडीला स्टेरॉइड असतं. लाली दोन दिवसांत उतरते, म्हणून आपल्याला वाटतं उतार पडला. तुलाही वाटलं होतं, तू पेढे पाठवले होतेस. प्रत्यक्षात स्टेरॉइड शरीराचा पहारा झोपवतं, विषाणूला मोकळं रान मिळतं, जखम भरायची थांबते आणि खोल जाते. बुबुळाचा पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. तो विरघळून फुटला की डोळा वाचवणं कठीण. आणि नानांचं ऑपरेशन मागच्या महिन्यात झालंय, म्हणजे तुझ्या पर्समध्ये ती बाटली असणार. ती घरी ठेवून ये. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, लोटेप्रेडनॉल यातला एकही शब्द दिसला तर ती चिंगीच्या खोलीतसुद्धा नको. चुकून हात जाईल म्हणून सांगतेय.

तसंच नानांना नागीण झाली होती तेव्हाच्या गोळ्या. ‘हर्पिसच ना, मग त्याच देऊ’ हा विचार मनात आणू नकोस. ॲसायक्लोव्हिर पोटातून दिलं तर मांजराची रक्त तयार करायची ताकद मारतं, आणि व्हॅलासायक्लोव्हिर तर जीवच घेतं. चिंगीला चालतं ते फॅमसायक्लोव्हिर. ती ३ किलोची आहे, डॉक्टरांनी २५० मिलिग्रॅमची एक गोळी सकाळी आठला, एक रात्री आठला सांगितली आहे. मोडू नकोस, आतून कडू असते आणि ती तोंडाला फेस आणते. फेस आलाच तर घाबरू नकोस, तो चवीचा असतो. गोळीला लोणी लाव, जिभेच्या मुळाशी सोड, आणि लगेच सुई काढलेल्या सिरिंजने ५ मिली पाणी गालातून हळूहळू. कोरडी गोळी घशाखाली अडकून बसू शकते.

डोळ्याचे थेंब चार वेळा: ७, १२, ५, १०. आधी डोळा पुसायचा. केमिस्टकडे नॉर्मल सलाइनची १०० मिलीची बाटली मिळते, मी तीन आणून ठेवल्यात. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी टाक. संपल्या तर अर्धा लिटर पाणी खळखळ उकळून त्यात साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट पाऊण चमचा, आणि कोमट झालं की वापर. कापूस नको, त्याचे तंतू जखमेला चिकटतात. गॉजचा तुकडा भिजवून मिटलेल्या डोळ्यावर दीड-दोन मिनिटं नुसता धरून ठेव. खपली मऊ पडू दे. मग नाकाकडून कानाकडे एकदाच पुस, तुकडा टाक. परत पुसायचं तर नवा तुकडा. उजव्या डोळ्याला वेगळा, आणि उजवा आधी, कारण तो चांगला आहे. वाळलेली खपली नखाने ओढायची नाही, पापणीची कातडी निघते. गुलाबपाणी, मध, हळद, चहाचं पाणी, तूप, तुझ्या सासूबाईंचं दूध, यातलं काही नाही.

थेंब घालायला तिला जुन्या नऊवारीच्या तुकड्यात बाळाला दुपट्यात बांधतात तसं गुंडाळ, फक्त डोकं बाहेर. तिचं तोंड समोर, पाठ तुझ्या पोटाला. समोरून बाटली आणलीस तर ती बघते आणि मग संपलं. मागून आण, मनगट तिच्या कपाळावर टेकव, बोटाने वरची पापणी किंचित वर, आणि बोटभर अंतरावरून एक थेंब. दुसरा घालू नकोस, डोळ्यात एकच मावतो. बाटलीचं टोक पापणीला लागलं तर ती बाटली गेली समज. जिवाणूंवरचा टोब्रामायसिनचा थेंब आधी, पाच मिनिटं थांबून मग ल्युब्रिकंट जेल, तांदळाच्या दाण्याएवढं. उलट केलंस तर जेल थेंबाला आत जाऊ देत नाही. झाकण फिरवल्याचा आवाज ती ओळखते, म्हणून झाकण स्वयंपाकघरात उघडून ये.

तिच्या डोक्याभोवतीची शंकूसारखी कॉलर काढायची नाही. तू रडवेली होशील तिच्याकडे बघून, मला माहीत आहे, सोनीचीही तू रात्री काढायचीस. एक पंजा मारला तरी चार दिवसांची भरलेली जखम परत उघडते. जेवताना काढ, समोर बस, खाऊन झालं की लगेच घाल.

नाक चोंदलं तर ती खाणार नाही, कारण वास आला नाही तर मांजराला अन्न अन्नच वाटत नाही. बांगडा उकडून, काटे काढून, कोमट करून दे. मीठ नाही, कांदा-लसूण मुळीच नाही, ते तिला विष. बाथरूममध्ये गरम पाण्याची बादली ठेवून दहा मिनिटं तिला घेऊन बस, दार लावून. पाण्यात विक्स, कापूर, निलगिरी टाकायचं नाही. उदबत्ती आणि कासवछाप दोन आठवडे बंद, घटाची उदबत्ती गॅलरीत लाव. फरशीला फिनाइलही नको, ते पायाला लागतं, ती चाटते, आणि मांजराच्या यकृताला ते पेलत नाही. एक लिटर पाण्यात ३० मिली ब्लीच, पुसून वाळू दे, मग तिला सोड. शेजारच्या वहिनी लायसिनची पावडर आणून देतील. ठेवून घे, घालू नकोस. पूर्वी या विषाणूवर सगळे द्यायचे, २०१५मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा उपयोग दिसला नाही. ताप वाटला तर क्रोसिन? कधीच नाही, अर्ध्या गोळीनेही मांजर मरू शकतं.

मंगळवारी २३ला सकाळी परत पट्टी लावायची आहे, वेळ फ्रिजवर लिहिलीय. हिरवं चमकलं नाही म्हणजे साल भरली, पण गोळ्या तरीही डॉक्टर सांगेपर्यंत चालू. मधे बुबुळ निळसर-पांढरं धुरकट झालं, त्यावर जेलीसारखा ठिपका किंवा खड्डा दिसला, काळा ठिपका आला, डोळा अजिबात उघडेना, किंवा तिने २४ तास काही खाल्लं नाही, तर मंगळवारची वाट बघायची नाही. टॅक्सी कर. मला फोन नंतर. आपल्या डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर आहे, आणि त्या नसल्या तर परळला बैलघोड्याच्या हॉस्पिटलात जा.

डोंबिवलीला परत जाताना अंगावरचे कपडे धुऊन जा, बोक्यांना हात लावण्याआधी हात साबणाने. त्यांच्या तीन आजारांवरच्या एकत्र लशीचा बूस्टर झाला का? लशीने विषाणू शिरायचा थांबत नाही, पण आजार हलका जातो.

सोनलच्या नोकरीचं काय झालं? नानांचा दुसरा डोळा कधी? तुझ्या गच्चीचं गळणं तसंच असेल. आलीस की सविस्तर बोलू, रविवारी गाडी दुपारची आहे, सकाळचे तीन तास आपल्याला मिळतात. सातचे थेंब आपण दोघी मिळून घालू, मी धरीन, तू घाल. मला तुझा हात बघायचाय.

किल्ली बंटीकडे दिलीय. गूळपोळीचं पीठ मळून ठेवते.

तुझी,
सुमन