थंड गादीवरचं बाळ

प्रिय मंदा,

काल फोनवर तुला बोलवतच नव्हतं, म्हणून लिहिते आहे. ‘ना कुंची ना दुपटं, लेकरू उघडं गार गादीवर,’ हे तुझं म्हणणं मनातून जात नाही. आपण पोरं शेगडीच्या शेकावर वाढवली, तुला हे कसं बघवेल?

पण हे हाल नव्हेत, उपचार आहे. बाळ जन्मल्यावर रडलं नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला. अशा वेळी सगळी इजा तेव्हाच होऊन संपत नाही. श्वास मिळाल्यावर मेंदू जरा सावरतो आणि काही तासांनी पेशी पुन्हा मरू लागतात. म्हणून जन्मापासून ६ तासांच्या आत अंग ३३.५ अंश सेल्सिअसवर आणतात, म्हणजे मेंदूची गरज कमी होते आणि पुढची पडझड रोखायला वाव मिळतो. विटाव्याच्या पुलाखाली ॲम्ब्युलन्स अडकली तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. वेळेत पोचली, हे फार मोठं झालं गं.

आता ७२ तास असंच. हात गार लागतील, ठोके मंद दिसतील, घाबरू नकोस. शीच्या जागेतून आत सरकवलेल्या बारीक वायरवर आतलं तापमान सारखं दिसत असतं, जरा घसरलं की सिस्टर धावते. नंतर ऊबही तासाला अर्ध्या अंशाने देतात, घाईने नाही. घरी बर्फ लावून करायची ही गोष्टच नव्हे.

‘याचा खरंच उपयोग होतो का?’ हे जावयांनी विचारलं ते रास्तच आहे. २००५पासून परदेशातल्या मोठ्या चाचण्यांत याचा फायदा दिसला. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवरच्या अभ्यासात (तो २०२१मध्ये छापून आला) फायदा दिसला नाही, उलट थंड केलेल्यांत मृत्यू जास्त झाले : ४२ टक्के, बाकीच्यांत ३१. आपल्याकडच्या बऱ्याच बाळांना इजा कळांच्या आधीपासूनच होत असावी, असं त्या डॉक्टरांना वाटतं. म्हणजे खात्री कुणीच देणार नाही, मीही देत नाही. जावयांनी हे डॉक्टरांना सरळ विचारावं, त्यात संकोच कसला? एमआरआय कधी, झटके आले का, हेही विचारावं. आणि घरी आल्यावर मान धरणं, बसणं, बोलणं यांची तपासणी दोन वर्षं तरी चुकवायची नाही.

एक मात्र कर. ‘ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं’ असं तुझ्या विहीणबाई बोलल्याचं कळलं. ते पोरीच्या कानावर पडू देऊ नकोस. तिचा काही दोष नाही. तिला बाळाच्या पायाला हात लावू देतात का, सिस्टरना विचार. दूध दर दोन-तीन तासांनी काढून ठेवायला सांग. डॉक्टर म्हणतील तेव्हा नळीने तेच देतील. डबा मी नेरूळहून पाठवते, तू स्वयंपाकाला घरी पळू नकोस.

तुझीच,
शालू