चष्मा न विकणाऱ्या ताईंना

सप्रेम नमस्कार.

वयानं तुम्ही माझ्या धाकट्या मुलीएवढ्या असाल, पण अगं-तुगं करायला जीभ धजत नाही, म्हणून ताईच म्हणते. इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजातल्या तुमच्या चष्म्याच्या दुकानात आलो तेव्हा आमच्या ह्यांना फक्त नंबर वाढवून हवा होता. पंचांगातल्या रकान्यांच्या उभ्या रेघा मधेच वाकड्या दिसतात, ही त्यांची तक्रार, आणि खापर फोडलं होतं छापखान्यावर. सगळी नोकरी एजी ऑफिसच्या, म्हणजे महालेखापालांच्या कचेरीच्या, हिशेबांत गेलेली. रेघ वाकडी दिसली तर दोष कागदाचाच! आधीच्या एका दुकानात थोड्याच महिन्यांत दोनदा नंबर बदलून झाला होता. तिथे कुणी काही विचारलं नाही. काच बदलली, पैसे घेतले, विषय संपला.

तुम्ही मात्र बारीक भोकांची ती काळी चकती ह्यांच्या उजव्या डोळ्यापुढे धरलीत आणि तक्त्यावरची तीच ओळ परत वाचायला लावलीत. ओळ लागेना. नुसता नंबराचा दोष असता तर भोकातून अक्षरं साफ दिसायला हवी होती, असं तुम्ही समजावलंत. तशी दिसत नाहीत म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यातच काहीतरी असावं. आणि लगेच, "काका, रात्री लघवीला फार उठावं लागतं का?" हे चपापले. चारचौघांत असा प्रश्न! उत्तर मीच दिलं: सारखे उठतात, आणि उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला लागतो.

साखर कधी तपासलीच नव्हती. अंगानं काटकुळे, गोडाचा शौक नाही, घरात कुणाला मधुमेह नाही. तपासायचं कुणाच्या मनात येणार? तुम्ही म्हणालात, "आज चष्मा करून देत नाही. साखर वरखाली होत असली की डोळ्यातलं भिंग फुगतं, नंबर हलत राहतो. आधी रक्त तपासा आणि थेंब घालून पडदा बघून घ्या." आलेलं गिऱ्हाईक तुम्ही हातानं परत पाठवलंत. मालक तिथेच गल्ल्यावर बसले होते, तरीही.

उपाशीपोटी साखर २६८ निघाली. मधुमेह म्हणायला १२६ पुरते. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी दुसरी तपासणी (एचबीए१सी) १०.४ टक्के, तिथे ६.५ ही हद्द. पडद्याच्या फोटोत लाल ठिपके, पिवळट डाग, आणि उजव्या डोळ्यात बरोबर मधोमध सूज. रेघा वाकत होत्या त्या तिच्यामुळे. मला धक्का बसला तो डाव्या डोळ्याचा. त्यानं हे तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचतात, आणि त्यातही ठिपके! डॉक्टर म्हणाले, मधला भाग शाबूत असेपर्यंत दिसायला काही कमी पडत नाही, दुखत तर मुळीच नाही. हा मधुमेह कित्येकदा वर्षानुवर्षं गुपचूप असतो, म्हणून निदान होताच पडदा बघायचा आणि पुढे दरवर्षी. मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांवरही तोच मारा बसतो, त्यामुळे लघवीतली प्रथिनं आणि बीपीही तपासून घेतलं.

सूज उतरवायला डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर ह्यांनी जेवण टाकलं. तेव्हा तुम्हालाच फोन केला. थेंबांनी डोळा बधिर करतात, टोचणं क्षणाचं असतं, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं, पण पटलं ते तुमच्याकडून ऐकल्यावर. का ते ह्यांनाच ठाऊक.

आता सूज उतरते आहे. रेघा बऱ्याच सरळ दिसतात, अगदी पहिल्यासारख्या नाहीत. तसं वचन कुणी दिलंही नव्हतं. साखर फार झपाट्यानं उतरली तर पडद्याचा त्रास काही काळ वाढूही शकतो, म्हणून डोळ्यांची एकही तारीख चुकवायची नाही, अशी ताकीद आहे. माझ्या आग्रहानं धाकट्या भावजींनी रक्त तपासलं, तर त्यांचीही साखर वाढलेली. त्यांच्या पडद्यावर सुदैवानं अजून काही नाही. हेही श्रेय तुमचंच.

साखर स्थिरावली की नंबर काढायला येतो. फ्रेम मात्र जुनीच ठेवायची म्हणतात. काडीला दोरा गुंडाळलाय, तरी. जरा तुम्हीच बोला, माझं ऐकत नाहीत.

तुमची,
ग्वाल्हेरची एक काकू