प्रशिक्षणाच्या १५० तासांविषयी

बारामती

चि. मृणाल हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

बी.फार्म.च्या सहाव्या सत्राची परीक्षा संपल्यावर, सातवे सत्र सुरू होण्याआधी, चार आठवड्यांत किमान १५० तासांचे प्रशिक्षण पूर्ण करायचे आहे. वर्गातील काही मुली ओळखीच्या औषध दुकानाचा दाखला जोडून तो सगळा वेळ जीपॅटच्या, म्हणजे एम.फार्म.च्या प्रवेशपरीक्षेच्या, अभ्यासाला देणार आहेत, तेव्हा बाबांनीही आपल्या दुकानाचा दाखला द्यावा, असे तू लिहिले आहेस. मी तो देणार नाही. तू दुकानात उभी राहून काम केलेस, तर प्रत्येक तासाखाली आनंदाने सही करीन. न केलेल्या कामाखाली माझी सही येणार नाही. या नकाराने तू खट्टू होशील हे मी जाणतो, म्हणून त्यामागचा विचार सविस्तर लिहितो.

डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णांना दिलेली औषधे सोडली, तर चिठ्ठीवरची औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावीत, असे १९४८ च्या फार्मसी कायद्याचे ४२ वे कलम सांगते. तरीही भिंतीवर एकाचे नोंदणी प्रमाणपत्र आणि काउंटरवर भलताच माणूस, अशी दुकाने तूही पाहिली आहेस. आपल्या नावाचा कागद दरमहा भाड्याने देणाऱ्या माणसालाही सुरुवातीला त्यात काही वावगे वाटले नसेल. खोट्या तासांचा दाखला त्याच वाटेवर नेतो, असे माझे ठाम मत आहे, आणि त्या वाटेवरचे तुझे पहिले पाऊल माझ्या सहीने पडू नये.

आता प्रशिक्षण कुठे घ्यावे ते सांगतो. नियमाप्रमाणे औषधांचा कारखाना, गुणवत्ता नियंत्रणाची प्रयोगशाळा, संशोधन केंद्र, क्लिनिकल रिसर्च करणारी संस्था, रुग्णालय किंवा औषधांचे दुकान यांपैकी काहीही चालते. तुझा ओढा कारखान्याकडे आहे आणि त्यात काही गैर नाही. तरीही या वेळी तू रुग्णालय निवडावेस, असे मला मनापासून वाटते. कारखान्यात तू पुढे नोकरीनिमित्त जाशीलच, पण औषध घेणारा माणूस समोर बसलेला पाहण्याची संधी नंतर मिळेलच असे नाही.

एक उदाहरण देतो. संधिवातावर दिलेली मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तीच चुकून रोज घेतली गेली, तर तोंडात व्रण होतात, रक्तपेशी घटतात आणि प्राणही जाऊ शकतात. औषधशास्त्राच्या पुस्तकात तू हे दोन ओळींत वाचले असशील. प्रत्यक्षात मात्र, ज्या आजींच्या बाकीच्या साऱ्या गोळ्या रोजच्या आहेत, त्यांना ही एकच वेगळी आहे हे एकदा सांगून भागत नाही. पाकिटावर वाराचे नाव ठळक लिहावे लागते, तो वार त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावा लागतो, सोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या दिवशी असेल तर तेही उलगडून सांगावे लागते, आणि सोबत आलेल्या सुनेला सगळे पुन्हा समजावावे लागते. काहींना नुसते ‘सोमवार’ म्हणून उपयोग होत नाही, पण गावच्या बाजाराचा वार सांगितला की तो कधी चुकत नाही. इन्हेलरचेही तसेच आहे. कळ दाबणे आणि श्वास आत ओढणे यांचा मेळ बसला नाही, तर औषध घशातच राहते आणि रुग्ण म्हणतो, याचा गुण येत नाही. डॉक्टरांच्या फेरीत अशी माणसे तुला रोज भेटतील.

हे पाहिल्यावर पुढची निवड अधिक डोळसपणे होईल. गुणवत्ता विभागात नोंदीतला चुकलेला आकडा पांढऱ्या शाईने झाकायचा नसतो. तो वाचता येईल अशा बेताने एका रेघेने काटून शेजारी सही आणि तारीख घालायची असते. औषध टिकते का हे पाहण्यासाठी ते ४० अंश सेल्सिअस तापमानात आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून पुन्हापुन्हा तपासायचे असते. हे काम संथ आणि एकसुरी आहे. ती गोळी कोण घेणार हे ज्याला ठाऊक आहे, तोच वर्षानुवर्षे ते नेटाने करू शकतो, असे माझे निरीक्षण आहे. पुण्या-मुंबईत फार्माकोव्हिजिलन्सच्या, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याच्या, नोकऱ्या पुष्कळ आहेत. तिथे दिवसभर संगणकासमोर दुष्परिणामांच्या नोंदी हाताळाव्या लागतात आणि गंभीर नोंदींना मुदतीचे बंधन असते. औषध निरीक्षक व्हायचे असेल, तर लोकसेवा आयोगाची परीक्षा आहे. रुग्णालयातच मन रमले, तर बी.फार्म.नंतर तीन वर्षांचा फार्म.डी. करता येतो, मात्र त्या पदवीला साजेशी पदे आपल्याकडे अजून थोडी आहेत, हे लक्षात ठेवूनच तिकडे वळ. जीपॅटला माझा विरोध नाही. एम.फार्म. करायचे तर ती परीक्षा द्यावीच, पण कोणत्या शाखेत करायचे हे आधी उमगले पाहिजे.

दुकानाची चिंता तू करू नकोस. तू एकुलती आहेस म्हणून हे दुकान तुझ्या गळ्यात बांधायचे, असा विचार मी किंवा आईने कधी केलेला नाही. स्वतःहून यावेसे वाटले तर ते तुझेच आहे.

प्राचार्यांच्या सहीचे शिफारसपत्र याच आठवड्यात घे आणि शक्यतो दोन रुग्णालयांत अर्ज कर. तिथल्या मुख्य फार्मासिस्टना पहिल्याच दिवशी सांग की, केवळ औषधांच्या भांडारात न बसवता वॉर्डच्या फेरीलाही पाठवावे. जागा कुठे मिळाली ते कळव. वसतिगृहापासून लांब पडत असेल, तर महिनाभर जवळ खोली घे. त्या खर्चाचे मी पाहीन.

तुझे,
बाबा