विषय: काढून टाकलेल्या क्लस्टरमध्ये राहिलेला कचरा आणि न वापरलेल्या नोडचे बिल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमची पाच कुबरनेटीस क्लस्टर (एकत्र मिळून सॉफ्टवेअर चालवणारे सर्व्हरचे गट) तुमच्या कन्सोलवर, म्हणजे नियंत्रण-पटलावर, जोडलेली आहेत; त्यासाठी क्लस्टरमध्ये तुमचा एजंट, म्हणजे कन्सोलशी बोलणारा प्रोग्रॅम, बसतो. गेल्या महिन्यात त्यांतली दोन काढायची होती: एक ग्राहकाच्या ताब्यात द्यायचे, दुसरे चाचणीचे.

पहिल्याचे 'रिमूव्ह' दाबले, हिरवा संदेश आला, यादीतून नाव गेले. चौथ्या रात्री ग्राहकाने पॅचिंगसाठी एक नोड (क्लस्टरमधला एक सर्व्हर) रिकामा केला आणि त्यावरचे पॉड (चालत्या सॉफ्टवेअरची एकके) दुसरीकडे उभेच राहीनात. क्लस्टरच्या इव्हेंट नोंदींमध्ये एकच रडगाणे: वेबहुक कॉल फेल, सर्व्हिस सापडत नाही. तपासणीला उत्तर देणारी एजंटची सर्व्हिस तुम्ही काढलीत, पण प्रत्येक नवा पॉड तपासणारा व्हॅलिडेटिंग वेबहुक तसाच ठेवलात, तोही फेल्युअर पॉलिसी 'फेल' असलेला, म्हणजे तपासणी झाली नाही तर पॉड नाकारणारा. वॉचमनला घरी पाठवले, फाटकाचे कुलूप तसेच. चालू पॉडना त्याचा त्रास होत नाही, म्हणून तीन दिवस कुणाला पत्ताच नव्हता. रात्री पावणेदोनला आम्ही ते वेबहुकचे कॉन्फिगरेशन हाताने डिलीट केले, तेव्हा कुठे पॉड उठले.

मग आणखी खोदले. एजंटची नेमस्पेस (क्लस्टरमधला त्याचा वेगळा कप्पा) 'टर्मिनेटिंग'मध्ये अडकलेली. आतल्या कस्टम रिसोर्सवर (एजंटच्या स्वतःच्या नोंदींवर) तुमचे फायनलायझर, म्हणजे साफसफाई होईपर्यंत डिलीट अडवून धरणारी खूण, आणि ती साफसफाई करून ते उतरवणारा कंट्रोलर आधीच काढलेला. क्लस्टर-अ‍ॅडमिनचे रोल बाइंडिंगही, म्हणजे एजंटला दिलेले पूर्ण अधिकार, जागच्या जागी. ते ग्राहकाच्या सिक्युरिटीवाल्यांनीच आम्हाला दाखवले. आमची काय शोभा झाली ते इथे लिहीत नाही.

तुमच्या सपोर्टचे उत्तर दोन ओळींचे: फायनलायझर पॅच करून रिकामा करा. ते आम्हालाही येते हो! पण तो हाताने पुसला की जी साफसफाई त्याने करून घ्यायची, ती राहूनच जाते, हे आम्ही तुम्हाला सांगायचे?

चाचणीच्या क्लस्टरचे व्हीएम (आभासी सर्व्हर) आम्ही आधीच उडवले होते. ती घाई आमची, मान्य. पण कन्सोल 19 दिवस 'रिमूव्हिंग' दाखवत, आता अस्तित्वातच नसलेल्या एजंटची वाट बघतो आहे, आणि बिलात त्याचे 4 नोड चालूच आहेत.

ते पैसे परत करावेत. एजंट क्लस्टरमध्ये नेमके काय काय टाकतो, नेमस्पेसबाहेरचेसुद्धा, त्याची लेखी यादी द्यावी. काढताना वेबहुक आधी, कंट्रोलर शेवटी, हा क्रम दुरुस्त करावा. आणि संपर्कात नसलेले क्लस्टर कन्सोलमधून सक्तीने काढण्याची सोय हवी.

उरलेल्या तीन क्लस्टरपैकी एक 31 तारखेला काढायचे आहे. त्याआधी उत्तर यावे. तोवर त्या बटणाला आम्ही हात लावणार नाही.

आपला,
सिस्टीम्स विभाग प्रमुख, पुणे