बोकडाच्या तारखा भिंतीवर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मांस इस्लामच्या नियमांप्रमाणे आहे असं सांगणाऱ्या हलाल प्रमाणपत्रावरची पत्रं आपल्या दैनिकात वाचतो आहे. कुणी बाजूनं लिहितं, कुणी विरोधात. ज्याच्या दारात बोकड बांधलेला आहे, त्याचं म्हणणं मात्र कुठं दिसलं नाही, म्हणून हा कागद. माझ्याकडे पंचवीस-तीस उस्मानाबादी शेळ्या आहेत. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळी अजून उस्मानाबादीच आहे.

दिवाळी झाल्यावर आखातात मटण पाठवणाऱ्या एका कत्तलखान्याचा माणूस गावात आला. बावीस बोकड बघितले. दात पाहिले, पाठीवर हात फिरवला, पसंत पडले. मग खिशातून वही काढून विचारतो, पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची) लस कधी टोचली? शेवटचं इंजेक्शन कशाचं, कोणत्या तारखेला? लस टोचलेली होती. नऊ बोकड खोकत होते म्हणून त्यांना अँटिबायोटिकही दिलेलं होतं. पण आमच्याकडे तारखा गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहायची पद्धत, आणि दिवाळीला मंडळींनी भिंत सारवून घेतली होती. तो औषध न दिलेले तेरा घेऊन गेला. उरलेले नऊ मी नेकनूरच्या बाजारात हेड्याला, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्याला दिले, रुमालाखाली बोटं दाबून जो भाव ठरला त्या भावानं. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. आमचं तर खाणाऱ्यापर्यंत जायच्या आधीच वातड झालं.

राग आला, पण त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. औषधाच्या बाटलीवर मांसासाठी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं, छापलेलं नसेल तर किमान 28 दिवस थांबावं असा नियम आहे. इतकी वर्षं शेळ्या राखतो, मला तो त्या दिवशी कळला. औषध विकणाऱ्यानं कधी सांगितला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कधी विचारला नाही.

सुरीचं म्हणाल तर तिथं काही अडत नाही. कापणारा मुसलमान असावा, जनावर जिवंत असावं, प्रत्येक जनावरावर अल्लाचं नाव घ्यावं, धारदार सुरीनं नळी आणि शिरा कापून रक्त वाहू द्यावं, हे आमच्याकडचे कुरेशी पिढ्यान्पिढ्या करत आलेत. अडतं ते कागदाशी. 16 ऑक्टोबर 2024 पासून सौदी, अमिरात, कतार, मलेशियासह 15 देशांना ‘हलाल’ म्हणून मांस पाठवायचं तर भारतीय गुणवत्ता परिषदेच्या मंडळानं मान्य केलेल्या संस्थेचंच प्रमाणपत्र लागतं. शिवाय अपेडाची, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या सरकारी संस्थेची नोंदणी, कापण्याआधी आणि नंतर पशुवैद्यकाची तपासणी. वर घेणाऱ्या देशाच्या अटी निराळ्या: भूल देऊन कापलेलं एकाला चालतं, दुसऱ्याला चालत नाही. हे सगळं कत्तलखान्यानं सांभाळायचं. पण जनावर निरोगी होतं, औषधाचा अंश अंगात नव्हता, हे कत्तलखाना कशावरून सांगणार? माझ्या भिंतीवरून?

देशातून 2023-24 मध्ये म्हशीचं मांस जवळपास 13 लाख टन बाहेर गेलं. शेळ्या-मेंढ्यांचं काही हजार टनांतच घुटमळतंय. म्हशीचं मांस हाड काढून, गोठवून बोटीनं जातं. बोकडाचं अख्खं धड नुसतं थंड करून विमानानं आखातात जातं, म्हणून जालन्याच्या ड्रायपोर्टचं, बोटीनं जाणाऱ्या मालासाठीच्या जमिनीवरच्या बंदराचं गाजर निदान शेळीवाल्यांना तरी कुणी दाखवू नये.

सरकारनं जनावरांच्या कानात बारा आकडी बिल्ला मारायला सुरुवात केली, त्याची नोंद भारत पशुधन पोर्टलवर होते, हे चांगलंच आहे. आमच्या गावात मात्र बिल्ले दिसतात ते गाई-म्हशींच्या कानात. शेळीची पाळी येईपर्यंत कॅम्प संपलेला असतो. लस टोचली की त्याच वेळी बिल्ल्याच्या नंबरवर तारीख चढावी आणि ती शेळीवाल्याच्या मोबाइलवर यावी. आणि बाजार समित्यांनी शेळी बाजारात एक वजनकाटा ठेवावा. कांदा काट्यावर विकतो, बोकड अजून नजरेनं.

सध्या आम्ही पोराच्या शाळेच्या जुन्या वहीत तारखा लिहायला लागलोय. मागच्या आठवड्यात जनावरांच्या दवाखान्यात ती वही घेऊन गेलो, यावर सही-शिक्का द्या म्हणालो. साहेब हसले आणि म्हणाले, तसा फॉर्म नाही.

आपला,
एक शेळीपालक
ता. कळंब, जि. धाराशिव