दांडिया बाजारातल्या औषधवाल्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुम्ही मला एक मलम विकलं नाहीत, त्याबद्दल हे पत्र. मी तेव्हा दहावीत होते. सहा वर्षं झाली, आभार मानायचे राहूनच गेले.

त्या वर्षी माझे दोन्ही गाल आणि हनुवटी मुरमांनी भरली होती. वर्गात त्याला गुजरातीत 'खील' म्हणायचे आणि मलाही त्याच नावानं हाक मारायचे. मी भिंतीलगतच्या बाकावर बसायचे, म्हणजे जास्त खराब झालेला डावा गाल भिंतीकडे राही. दिवसातून सहा-सहा वेळा साबणानं तोंड धुवायचे. सेवउसळ सोडली. घरी हळदीकुंकू असलं की वरच्या खोलीत पुस्तक उघडून बसायचे, कारण प्रत्येकीकडे एक उपाय असायचा: मुलतानी माती, चंदन, टूथपेस्ट, पोट साफ ठेव. सगळ्या मायेनंच सांगायच्या. मला मात्र ऐकू यायचं ते एवढंच, की हे तूच ओढवून घेतलंयस. नवरात्राच्या नऊही रात्री मी परीक्षेचं कारण सांगून घरात काढल्या. बडोद्यात पंधराव्या वर्षी गरब्याला न जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मग एका दुपारी, दुकानात कुणी नाही असं बघून, मैत्रिणीनं लिहून दिलेलं मलमाचं नाव घेऊन आले. तुम्ही ते वाचलंत आणि म्हणालात, "बाळ, हे स्टेरॉइड आहे. चार दिवस चेहरा उजळेल, मग कातडी पातळ होईल, आणि लावायचं थांबवलंस की जास्तच उठेल." अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात, हे मला पुढे कळलं. किती दुकानांत ती सहज मिळतात, तेही.

तुम्ही आतलं स्टूल पुढे केलंत आणि विचारलंत, "रात्री झोप लागते का गं?" वर्षभर सगळे माझ्या गालांबद्दल विचारत होते, झोपेबद्दल कुणीच नाही. मी तिथेच रडले. ते आटोपेपर्यंत तुम्ही पाठमोरे होऊन फळीवर औषधं लावत राहिलात. मग समजावलंत, की या वयात संप्रेरकांमुळे त्वचेतल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, रंध्रं बुजतात, आत जंतू वाढतात. मळामुळे हे होत नाही आणि घासून जात नाही.

दुसऱ्या दिवशी आईला म्हणालात, "वहिनी, सयाजी हॉस्पिटलात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. या वयात होतातच, हे खरं. पण तिला त्रास होतोय, तोही खराच." आई त्या रात्री माझ्याजवळ झोपली.

डॉक्टरांनी ॲडापॅलिन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड ही मुरमांवर लावायची औषधं दिली, फरक दिसायला दोन-तीन महिने लागतील म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात त्वचा सोलली, चेहरा आणखी लाल झाला, उशीच्या निळ्या अभ्र्यावर औषधाचे पांढरे डाग पडले. मी सगळं फेकून द्यायला निघाले होते. तुम्ही डबीवर बॉलपेननं सुरुवातीची तारीख लिहून ठेवली होतीत. तीच दाखवून म्हणालात, "अजून वीसच दिवस झालेत." मी थांबले.

डाव्या गालावर दोन खड्डे राहिलेत. फोटोत दिसतात. दिसू देत.

परवा बाबांच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला आले, तर काउंटरशी एक मुलगा उभा होता, नाकापर्यंत रुमाल बांधलेला. तुम्ही स्टूल पुढे ओढत होतात. मी गोळ्या न घेताच मागे फिरले, त्याचं बोलणं होऊ द्यावं म्हणून, आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

तुमची,
भिंतीकडच्या बाकावरची मुलगी