टाकीजवळ एकटी जाऊ नकोस

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

"आई, फक्त डोकं आत घातलं होतं," असं तू म्हणालीस आणि मी फोन ठेवला. बोलत राहिले असते तर ओरडले असते, आणि आजीला नुकती झोप लागली होती. म्हणून लिहिते आहे.

डोकं आत गेलं तरी पुरतं, बाळा. अनंत चतुर्दशी म्हणजे ड्राय डे, टॅपरूम बंद, सगळी पोरं विसर्जनाला गेलेली, आणि तू एकटी टॉर्च घेऊन फर्मेंटरच्या, बिअर आंबवायच्या त्या टाकीच्या, तोंडात वाकलेली. टाकी आतून धुणारा स्प्रे बॉल हॉप्सच्या फुलांच्या गाळाने तुंबला होता, मान्य. तो सकाळपर्यंत तुंबलेला राहिला असता तर काय बिघडलं असतं? दिनूकाका छत्री विसरले म्हणून परत आले. त्यांनी मला कळवलं याचा राग त्यांच्यावर काढू नकोस.

हजार लिटर बिअर आंबताना तीस किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. हवेच्या दीडपट जड. बिअर काढून घेतली तरी तो टाकीत साचून राहतो. नुकत्या रिकाम्या केलेल्या टाकीत दोन श्वास घेतले की माणूस कोसळतो, हाक मारायलाही वेळ मिळत नाही. टाकीतला वायू घालवल्याशिवाय धुण्याचं कॉस्टिक सोडायचं नाही, नाहीतर कॉस्टिक तो शोषून घेतं आणि एवढी जाड स्टीलची टाकी आत चेपते. हे सगळं नव्या पोरांना तूच शिकवतेस. मी दाराशी उभी राहून ऐकलं आहे. इतकं नीट समजावतेस की मला तेव्हा भरून आलं होतं.

इथे आल्यापासून आप्पा सारखे आठवतात. सांगलीजवळ हरिपूरला आमचं हळदीचं पेव होतं, हळद साठवायचं जमिनीखालचं खोल कोठार, त्यात मजूर दोरीने उतरायचे. तोंड उघडलं की आप्पा कुणालाही लगेच उतरू द्यायचे नाहीत. बराच वेळ ते उघडं ठेवायचं, मग कंदील खाली सोडायचा. ज्योत विझली तर त्या दिवशी काम बंद, व्यापारी दारात उभा असला तरी. आणि वर दोरी धरणाऱ्याला जागचं हलायची मुभा नव्हती. मी लहान होते, पेवाच्या काठी बसून त्या ज्योतीकडे बघत राहायचे. 2005 च्या महापुरात पेवं गेली.

आपल्याकडे मात्र कंदिलावर विसंबता येणार नाही. ज्योत विझण्याआधीच हा वायू माणसाला गुंगी आणतो. वायू मोजणारा मीटरच हवा, आणि तोही खाली, गुडघ्याच्या उंचीवर.

बघ, पुन्हा तेच सुरू केलं. रागावू नकोस. मला खरं तर तुझ्या कोकमच्या बिअरबद्दल लिहायचं होतं. 2009 साली पुण्यात डूलाली ही स्वतःची बिअर बनवणारी जागा सुरू झाली, तिथे बाबा गेले आणि घरी येऊन रात्रभर गव्हाच्या बिअरबद्दलच बोलत होते. त्यांनी जे नुसतं बोलून दाखवलं ते तू अंधेरीत उभं केलंस. शेजारच्या पोराला एकवीस पूर्ण नाहीत म्हणून तू ग्लास दिला नाहीस, तेव्हा त्याची आई माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. मला तुझा फार अभिमान वाटला. आजीसुद्धा रोज विचारते, "मनूच्या भट्टीचं कसं चाललंय?" लायसन्सच्या वेळी तिने काय काय केलं ते तुला ठाऊकच आहे.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांच्या छातीचं तू जाणतेस.

मी बुधवारी सकाळी पोचते. तोवर तीन नंबरच्या टाकीला हात लावू नकोस. मीटर तपासणाऱ्याला उद्याच बोलाव. तबेल्याचा माणूस चोथा न्यायला पहाटे येतो, तेव्हाही दिनूकाका सोबत असू देत. रात्री कुलूप लावताना मला फोन कर, कितीही वाजले तरी. आणि त्या वेळी तिथे दुसरं कोण आहे त्याच्याशीही मला बोलू दे.

तुझी,
आई